जॉइनिंग कधी, ब्रेक कधी

शटर अर्धंच वर गेलंय, तोवर बाहेर पंधरा-वीस पोरं जमलीत. पाठीला सॅक, हातात प्लॅस्टिकची फाइल. दोघांच्या पायाशी दोरीने आवळलेली वळकटी. जानेवारीची सकाळ, साडेसात. चाकणच्या तळेगाव चौकातून म्हाळुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनर एकामागे एक थटलेत आणि त्यांच्या फटींतून दुचाकीवाले वाट काढताहेत. गाळ्यावरचा फ्लेक्स नवा कोरा आहे: ‘त्वरित भरती. १२वी, आयटीआय, डिप्लोमा. पगार २२,००० पर्यंत. बस व जेवणाची सोय.’ कंपनीचं नाव कुठेच नाही. ते विचारायची पद्धतही दिसत नाही. आधी कागद, मग मेडिकल. गेटपास हातात पडला की कळतं कुठल्या गेटवर उभं राहायचंय.

आत टेबलामागे बसलेली मुलगी जेमतेम बावीस-तेवीसची असेल. पोरं तिला ‘मॅडम’ म्हणतात, ती त्यांना ‘दादा’. रोज राजगुरुनगरहून येते. बीकॉम झालीय, टॅली येतं, आणि तिची नोकरी म्हणजे इतरांच्या नोकऱ्या कॉम्प्युटरवर चढवणं. प्रश्न ठरलेले आहेत, ती मान वर न करता विचारते.

“ट्रेड?”

“फिटर.”

“पासआउट?”

“गेल्या वर्षी.”

“आधी कुठे पीएफ कटलाय?”

“नाही.”

“शूजचा नंबर?”

यावर पोरगा अडखळतो. पायातल्या चपलेकडे बघतो. “आठ असंल बहुतेक.”

हा वसमतचा. हिंगोली जिल्हा. घरी दोन एकर, त्यात हळद आणि सोयाबीन. गावाकडचा मित्र इथे आहे म्हणून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलाय. बँक पासबुकाची झेरॉक्स धूसर आलीय म्हणून मॅडम त्याला परत पाठवते; समोरच झेरॉक्सचं दुकान आहे, आणि त्याच्या दारात इथल्याहून मोठी रांग. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, रिचार्ज, शिवाय काचेत टांगलेले सेफ्टी शूज. दुकानदाराने गिऱ्हाईक बरोबर ओळखलंय.

वसमतकर बाहेर गेल्यावर त्याच्या मागचा पुढे सरकतो. हा उदगीरचा, चाकणला मुरलेला. फाइल नाही, सगळं मोबाइलमध्ये. मॅडम त्याला ओळखते.

“परत आलात का?”

“सात महिने झाले ना. ब्रेक दिला.”

“मग आता दुसरीकडे टाकते. पीएफचा नंबर तोच राहील.”

दोघांच्याही आवाजात तक्रार नाही. घरगुती गॅसची टाकी संपली, दुसरी लावली, इतक्या सहज हे चाललंय.

सातच महिने का, याचं उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत ४-क नावाचं कलम आहे: बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत सलग २४० दिवस काम केलं, तर त्याला कायम करायचं. २४० दिवस म्हणजे आठ महिने. हिशेब चुकायला नको म्हणून सातव्या महिन्यातच हात आखडायचा, ही रीत इथे इतकी रुळलीय की कोणी तिचं समर्थनही करत बसत नाही. ज्या कलमाने पोरगा कायम व्हायचा, त्याच कलमाच्या धाकाने तो बाहेर पडतो. ठेकेदारामार्फत घेतलेला माणूस तर कागदोपत्री कंपनीचा नसतोच. तरीही ब्रेक आहेच. सवय लागली की कारण लागत नाही.

मी उदगीरकराला पगाराची स्लिप दाखवतोस का विचारतो. तो बिनदिक्कत मोबाइल माझ्या हातात देतो. एकूण १८,०००. त्यातले मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, घरभाडं ३,०००. कपात: पीएफ १,८००, ईएसआय १३५, व्यवसाय कर २००, कॅन्टीन ५२०, बस ४००. हातात १४,९४५.

“आणि फ्लेक्सवरचे बावीस?”

तो हसतो. उत्तर टेबलापलीकडून येतं. ठेकेदार मघाशीच येऊन बसलाय. ‘सर’ म्हणतात त्याला, वय चाळीसच्या आत, मनगटात गंडा, दोन फोन. “कंपनीचा पीएफ, ईएसआय, बोनस सगळं धरून होतात की बावीस. आम्ही खोटं नाही लिहीत.”

मी कागदावर मांडून बघतो. कंपनीचा पीएफ, वरचा विमा आणि प्रशासकीय खर्च धरून, १,९५०. ईएसआय सव्वातीन टक्क्यांनी ५८५. मूळ पगारावर ८.३३ टक्के बोनस, म्हणजे १,२५०. बेरीज २१,७८५. ‘पर्यंत’ हा शब्द खरंच खोटा नाही. जेवणाची आणि बसचीसुद्धा ‘सोय’ आहे, फुकट असं कुठे म्हटलंय?

ठेकेदाराला वाईट माणूस ठरवायचा मोह होतो, पण तो मला आवरावा लागतो. हाही बार्शीकडून वेल्डर म्हणून आलेला. दहा-बारा वर्षांपूर्वी स्वतः ब्रेक खाल्लेत. मग दोन पोरं एका सुपरवायझरला दिली, मग पाच, मग परवाना काढला. आज याच्या हजेरीपटावर काही शे माणसं आहेत. सकाळी सहाला बस भरली नाही तर फोन याला येतो, रात्री दोनला एखाद्याचा हात दुखावला तर दवाखान्यात हाच जातो. “कंपनी दोन महिन्यांनी पैसे देते. पोरांना मी दहा तारखेला देतो. मधले पैसे कोणाचे?” तो विचारतो आणि उत्तराची वाट न बघता फोन उचलतो.

*

ठेकेदाराच्याच गाडीवर बसून मी खराबवाडीकडच्या एका शेडमध्ये येतो. वाटेत मोठ्या कारखान्यांच्या लांबच लांब भिंती. १९९९ साली इथे बजाजचा मोटरसायकलचा कारखाना आला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्रा. भिंतींच्या आत हिरवळ आहे, झेंडे आहेत, पाटीवर सुरक्षित दिवसांचा आकडा आहे. पण चाकणची बहुतेक माणसं त्या भिंतींच्या आत नाहीत. ती या शेडांमध्ये आहेत: मोठ्यांना सुटे भाग पुरवणारे व्हेंडर, त्या व्हेंडरांना पुरवणारे छोटे व्हेंडर. ही शेड दुसऱ्या प्रकारातली.

पत्र्याचं छप्पर, आत तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास. भिंतीला लागून आठ पॉवर प्रेस. पहिल्या प्रेसवर पस्तिशीची बाई उभी आहे. साडीवर निळा ॲप्रन, कानात स्पंजचे बोळे. डाव्या हाताला कापलेल्या पत्र्याच्या चकत्यांची थप्पी. ती एक उचलते, डायमध्ये बसवते, बोटाने हलकेच टेकवून बघते आणि मग दोन्ही तळवे दोन्ही बाजूंच्या हिरव्या बटणांवर एकदम दाबते. धप्प. जमीन हलते. वर गेलेल्या पंचाखालून वाकलेला ब्रॅकेट निघतो. हा मोटरसायकलच्या फूटरेस्टखाली बसतो. तो उजवीकडच्या क्रेटमध्ये. पुन्हा डावीकडची चकती. मी घड्याळाकडे बघत राहतो: एका मिनिटात नऊ. मधे एकदा ती थांबते, ब्रॅकेट उजेडात धरते, कडेला आलेली बारीक धार अंगठ्याने चाचपते आणि सुपरवायझरला हाक मारते. “दादा, डाय बघा. बुर येतोय.” डाय उतरवली जाते. पत्र्याच्या कडेवरचा तो केसाएवढा बुर मला दाखवूनही चटकन दिसत नाही.

दोन बटणं का, हे मालक समजावतो. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस पडतच नाही. म्हणजे हात डायमध्ये राहायचा प्रश्न येत नाही. “पूर्वी पायपट्टी होती. पाय दाबला की प्रेस पडायची, हात कुठे आहे ते तिला काय कळतं? मी सगळ्या पट्ट्या काढल्या.” सगळ्यांनी काढलेल्या नाहीत. या पट्ट्यात फिरताना चहाच्या टपरीवर कप धरणारे हात बघावेत. कुठे तर्जनी अर्धी, कुठे दोन बोटं एकाच उंचीवर थांबलेली. नोकऱ्यांच्या आकड्यांत ही बोटं कुठल्याही रकान्यात बसत नाहीत.

मालक पन्नाशी ओलांडलेला. भोसरीत टूलरूममध्ये डाय बनवायचा. जुनी प्रेस घेतली, बायकोचे दागिने बँकेत, पुढची गोष्ट अशा शेडांतून सगळीकडे ऐकू येते तीच. आता साठ माणसं. त्यातली स्वतःच्या पटावर किती? तो बोटांवर मोजतो: दोन टूलरूमवाले, एक मेंटेनन्स, स्टोअर, क्वालिटीच्या दोघी, अकाउंटंट, दोन सुपरवायझर, रोबोटवाला. बाकी ठेकेदाराकडची.

“कायम का करत नाही?” मी सरळच विचारतो.

तो मला आत केबिनमध्ये नेतो आणि स्क्रीनवर एक तक्ता उघडतो. गिऱ्हाईक कंपनीचं मासिक शेड्यूल. सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे भरगच्च, दसरा-दिवाळीची विक्री, डिसेंबर निम्म्यावर. “हे बघा. ऑक्टोबरमध्ये मला तीन शिफ्ट चालवायच्यात, डिसेंबरला एक. आणि शेड्यूल पंधरा दिवसांत बदलतं. वर दरवर्षी गिऱ्हाईक म्हणतं रेट खाली आणा. लोखंड माझ्या हातात नाही, वीज नाही. माझ्या हातात काय उरतं?”

उरतं ते त्या निळ्या ॲप्रनमध्ये उभं आहे. हे तो बोलत नाही.

“पैसे तरी वेळेवर?”

“पंचेचाळीस दिवसांचा कायदा आहे. लहान उद्योगाचे पैसे त्यात द्यायलाच हवेत. पण मी नोटीस पाठवली तर पुढच्या महिन्यात शेड्यूल कोणाला जाईल?”

आता मला साखळी दिसायला लागते. मोठ्या कंपनीने आपली अनिश्चितता व्हेंडरच्या गळ्यात टाकली, त्याने ती छोट्या व्हेंडरला दिली, त्याने ठेकेदाराला, आणि ठेकेदाराने वसमतच्या पोराला. प्रत्येकाने थोडी थोडी खाली सरकवली. खालच्याकडे ती सगळी जमा झाली. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीचे सरकारी आकडे हेच सांगतात: २००० सालच्या सुमारास संघटित कारखान्यांतल्या पाच कामगारांतला एक कंत्राटी असायचा, आज पाचातले दोन आहेत. चाकणच्या अशा शेडांत तर उरलेले तीन शोधावे लागतील.

शेडच्या टोकाला जाळीच्या पिंजऱ्यात वेल्डिंगचा रोबोट काम करतोय. नारिंगी हात वाकतो, ठिणग्या, सरळ होतो. पूर्वी इथे एका शिफ्टला चार वेल्डर लागायचे, मालक सांगतो. आता एक पोरगा सुटे भाग जिगमध्ये बसवतो आणि दुसरा रोबोटचा प्रोग्रॅम बघतो. हा दुसरा तेवढा पटावरचा. त्याला पलीकडच्या कंपनीने दोनदा बोलावलंय, म्हणून पगार दोनदा वाढवला. कायम नोकरी इथे मिळत नाही असं नाही. ज्याच्या जाण्याने मालकाची झोप उडते, त्याला ती मिळते.

अकाउंटंट चहा घेऊन येतो आणि मालक त्याला केंद्राच्या रोजगार प्रोत्साहन योजनेचं विचारतो. १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेली, ९९,४४६ कोटींची, साडेतीन कोटी नोकऱ्यांचं उद्दिष्ट असलेली. अकाउंटंटला सगळं पाठ आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर किमान पाच नवी वाढवायची आणि सहा महिने टिकवायची. मग मालकाला माणसामागे महिन्याला तीन हजारांपर्यंत, दोन वर्षं, कारखान्यांना चार वर्षं. पहिल्यांदा नोकरीला लागलेल्याला पंधरा हजारांपर्यंत, दोन हप्त्यांत: पहिला सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी.

“बारा?” मी विचारतो.

अकाउंटंट चहा ओततो.

मालक मात्र भडकतो, योजनेवर नाही, माझ्यावर. “अहो, तीन हजारांसाठी कोणी माणूस घेतं का? ऑर्डर असेल तर मी उद्या वीस घेतो, एक रुपया देऊ नका. ऑर्डर नसेल तर त्याला उभं कुठे करू?” ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत बऱ्याच पानांनी येते, इथे ती चहा निवायच्या आत आली. मला ती पटते, पण अर्धीच. कारण ऑर्डर असतानाही याने घेतलेली वीस माणसं सातव्या महिन्यात बदलणार आहेत, आणि ती जागा सरकारदरबारी पुन्हा ‘नवी नोकरी’ म्हणून मोजली जाण्याची सोय आहे.

*

दुपारचे साडेतीन. पहिली शिफ्ट सुटते.

रस्ता दोन मिनिटांत निळा, राखाडी, खाकी होतो. बस रांगेने लागल्यात, काचेवर कंपन्यांचे स्टिकर. आत जाणारे आणि बाहेर येणारे एकमेकांना ओलांडताना खांद्याला खांदा लावतात. कोणी कोणाला बाइकची चावी देतं, कोणी डबा. एकाच खोलीत राहणारे, शिफ्ट वेगळी, म्हणून गादी एकच. कॉट बेसिस म्हणतात त्याला. वडापावच्या गाडीवर तेल सतत उकळतंय. अंडाभुर्जी, मोबाइलचे कव्हर, भाड्याच्या बाइक, ‘खोली भाड्याने मिळेल, फक्त बॅचलर’, ‘पोलीस भरती मोफत मार्गदर्शन’.

शेवटच्या पाटीखाली बऱ्यापैकी गर्दी आहे. इथली निम्मी पोरं पहाटे धावतात. चाकण त्यांच्या लेखी मुक्काम नाही, भरती निघेपर्यंतचा थांबा आहे. २०१८ च्या जुलैत आरक्षणाच्या आंदोलनात याच चाकणमध्ये बसगाड्या जळाल्या होत्या. तेव्हा पुण्यामुंबईत आश्चर्य व्यक्त झालं: एवढ्या नोकऱ्या असलेल्या गावात? ज्यांनी ब्रेक बघितला नाही, त्यांनाच ते आश्चर्य परवडतं. सरकारी नोकरीचं वेड म्हणून या पोरांची थट्टा होते. पण दर सात महिन्यांनी ज्याला बाहेर काढतात, त्याने कायमच्या नोकरीमागे धावू नये, ही अपेक्षा मला जास्त वेडगळ वाटते.

आर्थिक पाहणी अहवाल म्हणतो, २०३० पर्यंत देशाला शेतीबाहेर दरवर्षी ७८.५ लाख नोकऱ्या तयार कराव्या लागतील. आणि जागतिक बँकेचा २०१३ चा अहवाल म्हणतो, विकसनशील देशांत दहातल्या नऊ नोकऱ्या खासगी क्षेत्रात असतात. वाचताना डोळ्यांसमोर कारखान्याचं गेट येतं. पण त्या नवात वडापाववाला आहे, झेरॉक्सवाला आहे, वसमतच्या पोराचा बाप त्याच्या दोन एकरांत आहे. या चौकात उभं राहिलं की ते नऊ एका नजरेत दिसतात, आणि गेटच्या आतल्यांपेक्षा गेटच्या बाहेरचे जास्त भरतात.

रस्त्यालगतच्या तीन मजली इमारतीखाली एक मूळ गावकरी खुर्ची टाकून बसलेत. डोक्यावर टोपी, गळ्यात माळ. जमीन गेली, त्या पैशांत खोल्या बांधल्या. दहा बाय दहाच्या बावीस. “कांदा करायचो. आता पोरं करतो,” म्हणतात आणि स्वतःच हसतात. कांद्याचा बाजार अजून चाकणातच भरतो, पण त्यांची फेरी आता तिकडे भाव बघायला, सवयीने. त्यांचा मुलगा ग्रॅज्युएट आहे. कंपनीत? “छे. स्थानिक म्हणलं की कंपनी घ्यायला तयार नसते. युनियन करतील म्हणते. आणि घेतलं तरी पंधरा हजारांसाठी हा जाणार आहे का?” मुलाचे दोन टेम्पो कंपनीला लागलेत.

*

संध्याकाळी मेसमध्ये मला वसमतकर पुन्हा भेटतो. त्याचा मित्र त्याला घेऊन आलाय. मेडिकल झालं, गेटपास झाला, उद्यापासून पहिली शिफ्ट, पहाटे साडेपाचला बस. नव्या सेफ्टी शूजची पिशवी त्याने मांडीवर घेतलीय. नंबर नऊ निघाला.

मेस चालवणारी मावशी बीड जिल्ह्यातली, आष्टीकडची. पूर्वी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. इथे एका खोलीत पाच जणांना जेवू घालत सुरुवात केली. आता सत्तर डबे आणि पन्नासेक पानं. पोळ्या लाटायला चार बायका, डबे पोचवायला दोन पोरं. कुठलंही कर्ज नाही, नोंदणी नाही, ‘उद्योजक’ हा शब्द तिच्यासाठी कोणी वापरलेला नाही. पण तिच्यासकट सात जणांचं पोट तिच्या चुलीवर आहे, आणि त्यातल्या एकालाही तिने सातव्या महिन्यात घरी बसवलेलं नाही. विचारलं तर म्हणते, “तिला काढली तर पोळ्या तू लाटशील का?”

ताटात ज्वारीची भाकरी, शेवग्याची आमटी, भात, कच्चा कांदा. पोरं मान खाली घालून जेवतात. वसमतकर दुसऱ्यांदा आमटी घेतो, मग दबकत विचारतो, महिन्याचे पैसे पगार झाल्यावर दिले तर चालतील का? पहिला पगार पुढच्या महिन्याच्या दहाला.

मावशी लगेच हो म्हणत नाही. फळीवरची लांब वही काढते, पेन्सिल कानामागून घेते.

“कंपनीत की ठेकेदाराकडं?”

“ठेकेदाराकडं.”

“जॉइनिंग कधी?”

“उद्या.”

ती बोटांच्या पेरांवर महिने मोजते. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. ओठ हलतात.

“म्हणजे नागपंचमीला ब्रेक,” ती म्हणते. “आषाढापर्यंत उधार चालंल. श्रावण लागला की रोख. नाव सांग.”